मावळातील घरांची मांडणी व सजावट

मावळातील घरांची मांडणी व सजावट या विषयात पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील घरांची अंतर्गत रचना, त्यांतील सामानसुमान, भिंती व जमिनींचे संस्कार आणि सणावारी होणारी शोभा यांचा समावेश होतो. लोणावळा व खंडाळा ही घाटमाथ्यावरील गावे आणि नाणे मावळ, आंदर मावळ व पवन मावळ हे तालुक्याचे परंपरागत भाग मिळून हा प्रदेश बनतो. येथील घर प्रामुख्याने पावसाने घडवले आहे. वर्षाचे चार महिने घरात शिरू पाहणारी ओल बाहेर ठेवणे, शिरलीच तर तिला वाट काढून देणे, आणि या दोहोंच्या मर्यादेत राहून घर नेटके व प्रसन्न ठेवणे हे मावळी गृहरचनेचे मुख्य सूत्र होय.

## पार्श्वभूमी

'मावळ' हा शब्द सूर्य मावळण्याच्या दिशेशी, म्हणजे पश्चिमेशी जोडला जातो. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असलेला हा डोंगराळ प्रदेश आहे. तालुक्याचे मुख्य ठाणे वडगाव येथे आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथून पूर्वेला साधारण ६५ किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात हे प्रमाण ७०० मिलिमीटरच्या आसपास राहते. म्हणजे घाटमाथ्याकडून तळेगाव दाभाड्याकडे जावे तसा पाऊस झपाट्याने उतरत जातो. त्यामुळे एकाच तालुक्यात घरांची गरजही बदलते. तळेगावात जी भिंत निर्धोक राहते, तीच खंडाळ्यात श्रावण संपेपर्यंत हिरवी पडते.

मावळाचे मुख्य पीक भात आहे. येथील आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध आहे. 'इंद्रायणी' हे वाण वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झाले. भाताच्या शेतीने घराला पेंढा, तूस, कणगी आणि धान्य साठवण्याची जागा दिली. डोंगराने कारवी, बांबू, लाकूड व दगड दिला. घराचे बहुतेक साहित्य अशा रीतीने चालत जाऊन आणता येईल एवढ्या अंतरातून येत असे.

## ऐतिहासिक आढावा

### लेण्यांतील लाकूडकाम

मावळातील निवाऱ्याच्या रचनेचे सर्वांत जुने दर्शन लेण्यांत घडते. भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास आरंभ झाला. कार्ले येथील भव्य चैत्यगृह त्यानंतरच्या काळातले आहे. लाकडी इमारतीचे अनुकरण करून ही लेणी दगडात खोदली गेली. कार्ले येथील चैत्याच्या कमानदार छताखाली बसवलेल्या लाकडी फासळ्या आजही टिकून आहेत. याच तालुक्यात उघड्यावरचे लाकूड काही पावसाळ्यांत कुजते आणि येथे मात्र ते सुमारे दोन हजार वर्षे राहते. या लाकडाला ना जमिनीची ओल लागली, ना पावसाची झड. लाकूड कोरडे व हवेशीर राहिले तर पिढ्यान् पिढ्या टिकते, ही गोष्ट मावळातल्या घरांनाही तितकीच लागू पडते.

### वाडे आणि बंगले

तळेगाव हे सेनापती दाभाडे घराण्याचे गाव. खंडेराव दाभाडे यांना १७१७ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी सेनापतिपद दिले. मराठा काळातील वाड्यांची चौक, सोपा, माजघर व माडी अशी रचना देशावरच्या वाड्यांसारखीच आढळते. सामान्य शेतकऱ्याचे घर मात्र याहून साधे असे.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढ पूर्ण झाल्याने मुंबई पुण्याशी थेट जोडली गेली. त्यानंतर लोणावळा व खंडाळा येथे मुंबईकर कुटुंबांचे उन्हाळी बंगले उभे राहू लागले. रुंद व्हरांडा, उंच छत, उतरते कौलारू छप्पर, वेताच्या खुर्च्या व झडपांच्या खिडक्या ही या बंगल्यांची लक्षणे होत. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. पुढे 'मंगलोरी कौल' या नावाने ओळखले जाणारे चपटे, खाचेत बसणारे कौल पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर सर्वत्र पसरले. त्यामुळे गवती छपरे व नळीची कौले हळूहळू मागे पडली.

स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०८ मध्ये, तळेगाव येथे पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या या निधीमागे अंताजी दामोदर काळे यांचे परिश्रम होते आणि त्यास लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. घरात वापरावयाच्या वस्तू देशातच घडाव्यात, हा त्यामागील हेतू होता. या कारखान्यात काचकामाचे शिक्षणही दिले जाई.

## पारंपरिक घराची रचना

मावळातील शेतकऱ्याचे घर बहुधा आयताकृती असून त्याचे मोजमाप खणांत सांगितले जाते. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात. घराचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

* जोते: घर दगडी जोत्यावर उभारले जाते. उताराच्या जमिनीवर पावसाचे पाणी भिंतीला न टेकता बाजूने निघून जावे, यासाठी जोते उंच घेतात आणि वरच्या अंगाला चर खणतात.
* ओटी किंवा पडवी: दर्शनी, अर्धवट उघडी जागा. येथे पाय धुणे, इरले किंवा घोंगडी टांगणे, पाहुण्यांना बसवणे व अवजारे ठेवणे ही कामे होतात. ओलसर जग आणि कोरडे घर यांमधली ही मधली पायरी असते.
* माजघर: घराचा गाभा. झोपणे, जेवणे, धान्य साठवणे व बाळंतिणीची सोय ही येथेच होते. देवघरही बहुधा याच भागात असते.
* स्वयंपाकघर: चूल व तिच्या बाजूचा वैल, पाण्याचे मांदण आणि भांड्यांची उतरंड यांची जागा.
* माळा: छपराखालील फळ्यांचा मजला. धान्य, सरपण, पेंढा व वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू येथे जातात.
* गोठा: पुष्कळ घरांत एकाच छपराखाली, एका भिंतीच्या आडोशाला असतो. पावसाळ्यात बाहेर न पडता जनावरांची देखभाल करता येते.
* परस: मागील अंगण. न्हाणी, भाजीची आळी व केळी येथे असतात.

मुख्य दार शक्यतो पूर्वेकडे ठेवण्याचा प्रघात आहे. धार्मिक संकेताबरोबरच त्यामागे व्यावहारिक कारणही आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंनी झोडपतो. म्हणून त्या बाजूंच्या भिंतींना दारे-खिडक्या कमी ठेवतात आणि पावसाळ्यापूर्वी त्यांना बाहेरून गवताच्या किंवा कारवीच्या ताट्या बांधतात. या कामासाठी अलीकडे प्लॅस्टिकचा कागद वापरला जातो.

### भिंती, जमीन व छप्पर

डोंगरातील ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांच्या घरांत कारवीचे कूड आढळतात. कारवी हे सह्याद्रीत वाढणारे झुडूप अनेक वर्षांच्या अंतराने एकदाच सामूहिकरीत्या फुलते आणि त्यानंतर वाळते. तिच्या सरळ काठ्या बांधून त्यांवर माती व शेणाचा लेप देतात. अशी भिंत पातळ असली तरी ती श्वास घेते. भिजली तरी वारा लागताच सुकते आणि झिजलेला भाग घरच्या घरी लिंपता येतो. मोठ्या घरांत दगड-मातीच्या किंवा विटांच्या भिंती असून त्यांना चुन्याचा गिलावा व चुन्याची सफेती देतात.

जमीन मुरूम व माती घालून चोपण्याने चोपतात आणि शेणाने सारवतात. खांब थेट जमिनीत न रोवता तळखडा या कोरीव दगडावर उभे करतात. त्यामुळे जमिनीतील ओल लाकडात चढत नाही व वाळवीचा मार्गही उघडा पडतो. छपराचा भार आढे, तुळया, वासे व रिपा यांवर विभागलेला असतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवतात. या कामास शाकारणी असे म्हणतात. चुलीचा धूर छपरातून बाहेर जाताना वासे कोरडे ठेवतो आणि किडीला दूर राखतो, हाही जुन्या लाकडाच्या दीर्घायुष्याचा एक घटक होय. तथापि हाच धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांना व डोळ्यांना अपायकारक असल्याने त्याचे गुणगान मर्यादेतच करणे योग्य ठरते.

## घरातील सामान

जुन्या मावळी घरात आज ज्याला फर्निचर म्हणतात ते थोडेच असे. साठवणीच्या जागा भिंतीतच कोरलेल्या किंवा छपराला टांगलेल्या असत. वस्तू जमिनीपासून वर ठेवणे, हा त्यामागील समान धागा होता.

* कोनाडा, दिवळी व फडताळ: भिंतीच्या जाडीतील जागा. दिवळीत दिवा, कोनाड्यात रोजच्या वस्तू आणि दारे असलेल्या फडताळात मौल्यवान जिन्नस ठेवत.
* खुंटी व दांडी: कपडे, पिशव्या व घोंगड्या यांसाठी. आडव्या टांगलेल्या दांडीवर कपडे पसरून ठेवल्याने घडीत ओल साचत नसे.
* शिंके: दूध, दही व लोणी मांजर-मुंग्यांपासून दूर ठेवण्यासाठी छताला टांगलेले दोरीचे जाळे.
* कणगी: बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली धान्याची मोठी टोपली. ती दगडांवर किंवा फळीवर ठेवतात.
* पाट, चौरंग व घडवंची: बसणे, पूजा व हंडे-कळशा ठेवणे यांसाठी.
* बाज, वाकळ व घोंगडी: दोरीने विणलेली बाज खालून हवेशीर राहते. जुन्या लुगड्यांची वाकळ पातळ असल्याने लवकर वाळते. लोकरीची घोंगडी ओलसर हवेतही ऊब देते.
* सूप, रोवळी, टोपल्या: बुरूड कारागिरांनी विणलेल्या या वस्तू एकाच वेळी उपयुक्त व शोभिवंत ठरतात.

यांतील प्रत्येक वस्तू हलवता येण्याजोगी आहे. पावसाळ्यात गळती लागली की बाज सरकवायची, कणगी उचलायची, दांडी बदलायची, अशी सोय त्यात असे. भिंतीला कायमची जोडलेली अवजड कपाटे येथे अलीकडे आली.

## सजावट

मावळातील सजावट ऋतूशी बांधलेली आहे. उंबरठ्यावरची रांगोळी, दारावरचे आंब्याच्या पानांचे तोरण, तुळशीवृंदावनाला दिलेला चुना व गेरू, सारवलेल्या जमिनीवर बोटांनी उठवलेली नक्षी आणि घासून लख्ख केलेली तांब्या-पितळेची भांडी हे तिचे मुख्य घटक होत. पाऊस संपल्यावर घटस्थापनेपूर्वी व दिवाळीपूर्वी घराचा कानाकोपरा झाडून भिंतींना सफेती देतात. चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. म्हणजे सफेती ही शोभेइतकीच आरोग्याचीही बाब आहे.

भातकापणीनंतर लोंब्यांची गुंफलेली झुंबरे दाराशी किंवा देवघराजवळ टांगण्याची पद्धत महाराष्ट्रातील भातपट्ट्यात पाहावयास मिळते. चिमण्या त्यांतले दाणे टिपतात. शोभेची वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडावी, हा भाव त्यात दिसतो.

### वर्षाचा क्रम

* वैशाख–ज्येष्ठ: शाकारणी, पन्हळी साफ करणे, चर मोकळे करणे, पश्चिमेच्या भिंतीला ताट्या बांधणे, सरपण व धान्य माळ्यावर नेणे, अंथरुणे उन्हात घालणे.
* आषाढ–श्रावण: गळती तपासणे, ओल धरलेल्या भिंतींपासून सामान दूर करणे, उघडीप मिळताच दारे-खिडक्या उघडणे.
* भाद्रपद: गौरी-गणपतीसाठी घर आवरणे. भिंती अद्याप ओल्या असल्याने या काळात रंगकाम करीत नाहीत.
* आश्विन–कार्तिक: झाडलोट, गिलाव्याची डागडुजी, सफेती, सारवण, दिवाळीची आरास.
* मार्गशीर्ष–फाल्गुन: लाकूडकाम, नवे सामान करणे, कणग्या लिंपणे. हवा कोरडी असल्याने लाकूड या दिवसांत स्थिर राहते.

## आजच्या घरातील उपयोजन

मावळात नव्याने घर लावताना किंवा जुन्या घराची डागडुजी करताना पुढील बाबी उपयोगी ठरतात. त्यांतील बहुतेक पारंपरिक अनुभवाचाच नव्या साहित्याशी घातलेला मेळ आहे.

### आधी ओल, मग शोभा

भिंतीवर डाग दिसला की प्रथम त्याचे मूळ शोधावे. जमिनीलगत आडवी पसरलेली ओल बहुधा पायातून चढलेली असते. छताजवळचा डाग गळतीचा, तर पश्चिम भिंतीवर मध्यभागी उमटलेला डाग बाहेरील गिलाव्याच्या भेगांचा असू शकतो. न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीवरील ओल नळाच्या गळतीमुळे येते. मूळ दूर न करता वर तैलरंग, भिंतीचा कागद किंवा लाकडी तावदाने लावल्यास ओल झाकली जाते, थांबत नाही. आत साठलेली ओल पुढे गिलावा फुगवते आणि मागे बुरशी वाढते. दमा असणारी माणसे, लहान मुले व वृद्ध यांना अशा बुरशीचा त्रास अधिक होतो.

जुन्या दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा कडक गिलावा देणे टाळावे. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. त्यामुळे ती भिंतीच्या गाभ्यात साचते आणि मातीचा बंध सैल होतो. अशा भिंतींसाठी चुन्याचाच गिलावा योग्य होय. नवा रंग पाऊस संपल्यावर किमान काही आठवडे भिंत सुकू देऊन मगच लावावा.

### सामानाची निवड व मांडणी

* कपाट, पलंग व सोफा भिंतीपासून चार बोटे अंतरावर ठेवावेत. मागून हवा खेळती राहिल्यास बुरशी धरत नाही.
* पायांवर उभे असलेले सामान निवडावे. जमिनीला पूर्ण टेकलेली पेटीसारखी कपाटे ओल धरतात. पायांखाली दगडाचे किंवा कठीण रबराचे तुकडे ठेवल्यास तळखड्याचेच काम साधते.
* सागवान, ऐन व जांभूळ ही लाकडे ओलसर हवेत चांगली टिकतात. जुन्या घराच्या तुळया व फळ्या सुस्थितीत असल्यास त्यांचाच पुनर्वापर करणे उत्तम, कारण त्या लाकडाचे आकुंचन-प्रसरण बरेचसे होऊन गेलेले असते.
* प्लायवूड घेताना प्रत तपासावी. स्वयंपाकघर व न्हाणीघराजवळ भारतीय मानक ७१० नुसारचे मरीन प्लायवूड घ्यावे. इतर खोल्यांत भारतीय मानक ३०३ मधील उकळत्या पाण्यास प्रतिकार करणारी प्रत चालते. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेले बोर्ड ओल लागताच फुगतात. लोणावळ्यात ते टाळणे इष्ट.
* बांबूचे सामान बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेले असल्याची खात्री करावी. तसे न केल्यास भुंगा लागतो.
* बिजागऱ्या, खिळे व कड्या पितळेच्या, स्टेनलेस स्टीलच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या असाव्यात.
* दारे व खणांना लाकूडकाम करताना थोडी फट ठेवावी. फेब्रुवारीत घट्ट बसणारे दार जुलैत उघडत नाही.

### ओटीची पुनर्स्थापना

सदनिकेत ओटी नसते. परंतु दाराशी तिचे काम करणारी जागा राखता येते. दारालगत खडबडीत फरशी, ओल्या छत्र्यांसाठी खालून पाणी गळून जाईल असे भांडे, रेनकोटसाठी खुंट्या आणि बसून पादत्राणे काढण्यासाठी एखादे बाकडे एवढी सोय पुरेशी होते. बाहेरचे पाणी येथेच थांबल्यास बाकीचे घर कोरडे राहते. वृद्ध व्यक्ती घसरून पडण्याचा धोकाही त्यामुळे कमी होतो. गुळगुळीत चकचकीत फरशीपेक्षा शहाबादी किंवा खरखरीत पृष्ठभागाची फरशी पावसाळी प्रदेशात अधिक सुरक्षित असते.

### प्रकाश व रंग

आषाढात लोणावळ्यात दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. धुके व ढग यांमुळे येणारा उजेड निळसर-करडा असतो. अशा उजेडात करडे व गडद रंग उदास वाटतात. फिकट पिवळा, दुधी, गेरूकडे झुकणारा तांबूस असे रंग आणि पिवळसर प्रकाशाचे दिवे घराला ऊब देतात. एकच प्रखर दिवा छताच्या मध्यभागी लावण्यापेक्षा बसण्याच्या, वाचण्याच्या व स्वयंपाकाच्या जागी वेगवेगळे मंद दिवे उपयुक्त ठरतात. जुन्या घरातील दिवळी हेच काम करीत असे. ओलसर भिंतींतून विजेचा धक्का बसू नये म्हणून गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण मुख्य फलकावर बसवणे अत्यावश्यक आहे.

### कपडे, अंथरुणे व पडदे

जाड कापसाच्या गाद्या ओल शोषून घेतात व वाळत नाहीत. त्याऐवजी काथ्याची पातळ गादी व वर वाकळ हा पर्याय सोयीचा होय. पडदे सुती व पातळ असावेत आणि जमिनीपासून वीतभर वर राहावेत. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरू नये. चटई व सतरंजी उचलून झटकता येतात. घरात कपडे वाळत घातल्यास त्यांतील सारे पाणी खोलीच्या हवेत उतरते. म्हणून त्यासाठी खिडकी व बाहेर हवा फेकणारा पंखा असलेली एकच जागा ठरवून ठेवावी.

### पुस्तके, कागदपत्रे व छायाचित्रे

पुस्तकांचे कपाट पश्चिमेच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लावू नये. पुस्तके दाटीने कोंबू नयेत. मागे दोन बोटे जागा सोडावी. बंद काचेच्या कपाटात ओल शोषणारी पुडी ठेवावी व ती वेळोवेळी बदलावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला कसर दूर ठेवतो, असा जुना अनुभव आहे. सातबाऱ्याचे उतारे, खरेदीखते व शाळेचे दाखले भिंतीतील फडताळात न ठेवता धातूच्या डब्यात, माळ्याच्या कोरड्या बाजूला ठेवावेत. भिंतीवरील तसबिरींच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवल्यास हवा फिरते आणि छायाचित्रे काचेला चिकटत नाहीत.

## बंद राहणारी घरे

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर लोणावळा, खंडाळा, कामशेत व पवना परिसरात सुटीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या घरांची संख्या वाढली. अशी घरे नेमकी पावसाळ्याच्या आठवड्यांत दिवसच्या दिवस बंद राहतात. ज्या घरात माणसे वावरतात, चूल पेटते, दारे उघडतात, ते घर आपोआप सुकत राहते. बंद घरात मात्र ओल कोंडते.

अशा घरांसाठी पुढील काळजी घेतली जाते. जूनपूर्वी गाद्या उचलून उभ्या ठेवाव्यात. कपाटांची दारे किंचित उघडी ठेवावीत. चामड्याच्या वस्तू व लोकरी कपडे घरात ठेवू नयेत. नळाची मुख्य कळ व गॅसची टाकी बंद करावी. खिडक्या ठार बंद न करता वरच्या बाजूस जाळीची झरोकेवजा फट ठेवावी. आठवड्यातून एकदा घर उघडून पाहणारे माणूस गावातच असणे सर्वांत महत्त्वाचे. छपरावरचे एक सरकलेले कौल वेळीच बसवले तर काम मिनिटांचे असते. ते दोन महिन्यांनी लक्षात आल्यास वासे बदलावे लागतात.

## बदल व जतन

गेल्या काही दशकांत मावळातील घरे झपाट्याने बदलली. सिमेंटच्या सपाट स्लॅबने कौलांची जागा घेतली. स्लॅबमुळे दरवर्षीची शाकारणी वाचली व माडी चढवता आली. परंतु घाटमाथ्यावर सपाट छतावर पाणी साचून गळती होते, म्हणून अनेक घरांवर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढवलेले दिसते. स्वयंपाकाच्या गॅसने स्त्रियांची धुरातून सुटका केली. त्याचबरोबर धुराने राखले जाणारे लाकूड उघडे पडले, आणि त्यास आता तेलपाणी व कीडनाशकाची जोड द्यावी लागते. वनांवरील निर्बंध व बदललेले उपजीविकेचे मार्ग यांमुळे कारवीचे कूडही कमी झाले आहेत. खाजगी जमिनीवरील झाडे तोडण्यासही १९६४ च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते.

जुनी घरे पाडल्यावर त्यांतील नक्षीचे खांब, चौकटी व दारे जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांकडे जातात व पुढे बंगल्यांत शोभेसाठी उभी राहतात. तळखड्याशिवाय फरशीवर चिकटवलेला असा खांब काही पावसाळ्यांत खालून कुजतो. वस्तू वाचते, पण ती तशी का घडवली होती हे ज्ञान मात्र हरवते. शाकारणी करणारे, चुना मळणारे व कूड विणणारे कारागीर वृद्ध होत आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले थोडी आहेत.

जुन्या घराचा निर्णय घेताना पाडणे किंवा जसेच्या तसे राखणे एवढे दोनच मार्ग असतात, असे नव्हे. जोते व खांब भक्कम असल्यास छप्पर नव्याने शाकारून, न्हाणीघर व शौचालय वेगळ्या पक्क्या भागात काढून, धूर बाहेर नेणारी व्यवस्था करून तेच घर आजच्या गरजांना पुरे पडू शकते. मात्र खांब वाकलेले, भिंती फुगलेल्या किंवा घर खचणाऱ्या उतारावर असल्यास जिव्हाळा बाजूला ठेवून तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करून घेणे अनिवार्य ठरते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरड कोसळून गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. सह्याद्रीच्या उतारावर घर कोठे उभे आहे हा प्रश्न ते आतून कसे लावले आहे, याच्या आधीचा असतो.

## हेही पहा

* मावळ तालुका
* लोणावळा
* कार्ले लेणी
* वाडा (वास्तुप्रकार)
* कारवी
* मंगलोरी कौल
* पैसाफंड